हातांपलीकडचे कारागीर

चित्रपटगृहात मुख्य चित्रपट सुरू होण्याआधी फिल्म्स डिव्हिजनचा अनुबोधपट दाखवणं एके काळी सक्तीचं होतं. 1948 साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचं मुख्यालय मुंबईत पेडर रोडवर होतं आणि तिचे पट मराठीसह अनेक भाषांत निघत. ज्यांनी ते पाहिले आहेत त्यांना त्यांतले हस्तकलेवरचे पट नक्की आठवत असतील. चाकावर फिरणारा मातीचा गोळा, मागावर धावणारा धोटा, पितळेवर पडणारी हातोडी आणि या सगळ्यावर भरदार आवाजातलं निवेदन. कला किती प्राचीन, परंपरा किती थोर, हे तो आवाज सांगत राही. कारागिराचे हात पडदाभर दिसत, चेहरा ओझरता दिसे, नाव बहुधा कळतच नसे. आपण काय करतो आहोत, का करतो आहोत, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं असा प्रसंग तर विरळाच.

त्या पटांना नावं ठेवायचा इथे हेतू नाही. त्यांनी पुष्कळ काही नोंदवून ठेवलं, त्यांतल्या काही कला आता त्या पटांतच उरल्या असतील. पण त्या पटांनी आपल्याला एक सवय लावली. कारागीर म्हणजे हात, आणि त्या हातांविषयी बोलणार दुसरंच कुणीतरी. पुढच्या पानांमध्ये ज्या लघुपटांची ओळख होणार आहे, ते ही सवय मोडणारे आहेत. त्यांत भरतकाम करणारी बाई, लाकडाचा कावड घडवणारा सुतार, भिंतीवर चित्रं काढणारा भिल्ल कलावंत ही माणसं चित्रणाचा विषय म्हणून येत नाहीत. ती पटाच्या घडणीत सामील आहेत. कॅमेऱ्यासमोर त्यांची कला दाखवली जाते असंही म्हणता येत नाही, कारण पट त्या कलेतूनच बनलेला आहे.

असे पट बघताना मी एक गोष्ट शोधत असते. कारागिराच्या म्हणण्यामुळे किंवा त्याच्या कलेच्या नियमामुळे पटाला कुठे वळावं लागलं? दिग्दर्शकाच्या मनात एक होतं आणि टाक्याने दुसरं करायला लावलं, अशी जागा सापडली की तिथे सहनिर्मिती झाली असं समजायला हरकत नाही. अशी जागा सापडलीच नाही, तर श्रेयनामावलीत कितीही आदराने नावं आलेली असोत, कारागिराकडून माल घेतला गेला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे सरकारी ॲनिमेशनची सुरुवात एका जुन्या कलेचा हात धरून झाली, हे पुष्कळांना माहीत नसतं. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग 1956 मध्ये मुंबईत सुरू झाला. डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स हे इथल्या तरुणांना शिकवायला आले होते. राम मोहन आणि जी. के. गोखले ही त्या पहिल्या फळीतली नावं. या विभागातून 1957 मध्ये ‘द बन्यान डिअर’ हा जातककथेवरचा पट तयार झाला आणि त्याची चित्रशैली घेतली होती अजिंठ्याच्या भिंतींवरून. निवड सुरेख होती. जातककथा अजिंठ्यातच रंगवलेल्या, आणि अजिंठा तर आपल्या उंबऱ्यावरचा. पण अजिंठ्याचे चित्रकार दीड हजार वर्षांपूर्वीच गेलेले. त्यांना विचारायचं कसं, आणि त्यांनी हरकत घ्यायची कुठे? त्यांची रेषा घेतली, ती डिस्नेच्या शिस्तीत हलवली, पट झाला. शैली घेणं आणि माणसाबरोबर काम करणं या दोन्हींमध्ये किती अंतर आहे, ते या पटापासून मोजायला सुरुवात करता येते.

हे अंतर एकाच व्यक्तीच्या कामात टप्प्याटप्प्याने कापलं गेलेलं पाहायचं असेल तर नीना सबनानी यांच्याकडे वळावं लागतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्या शिकल्या, तिथेच बरीच वर्षं त्यांनी शिकवलं आणि पुढे पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात प्राध्यापक झाल्या. त्यांचा ‘शुभ विवाह’ हा 1984 चा छोटा पट हुंड्याविरुद्ध बोलतो आणि त्यासाठी मधुबनी चित्रांची भाषा वापरतो. मिथिलेत लग्नघराच्या कोहबराच्या, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीच्या, भिंती बायकाच रंगवतात. ज्या चित्रभाषेत नवदांपत्याला आशीर्वाद द्यायचे, तिच्यातच लग्नाच्या बाजाराची चीड व्यक्त करायची, हे मला फार नेमकं वाटतं. तरीही तिथे मधुबनी आहे ती शैली म्हणून.

2005 च्या ‘मुकंद अँड रियाझ’मध्ये सबनानी स्वतःच्या घराच्या अधिक जवळ आल्या. गोष्ट त्यांच्या वडिलांची. फाळणीच्या वेळी कराचीत दोन मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. मुकंदच्या टोपीवर रियाझचा डोळा. दंगे सुरू झाल्यावर रियाझच मित्राच्या घरच्यांना वेष बदलायला कपडे आणून देतो आणि बंदरापर्यंत सुखरूप पोचवतो. जहाज सुटताना मुकंद आपली टोपी त्याच्याकडे भिरकावतो. हे सगळं कापडाच्या तुकड्यांतून उभं राहतं. सिंध आणि गुजरातमधल्या बायका जुन्या कापडांचे तुकडे जोडून जी ठिगळकामाची पांघरुणं शिवतात, त्यांची ही धाटणी. आपली गोधडी किंवा वाकळ या पांघरुणांची सख्खी चुलत बहीण म्हणावी अशी आहे. घर तुटलं, माणसं तुटली, आणि आठवण शिवायची ती फाटक्या तुकड्यांनी. उल्हासनगरपासून चेंबूरपर्यंत सिंधी निर्वासितांच्या पिढ्या ज्यांनी शेजारी पाहिल्या, त्या मराठी प्रेक्षकाला हा पट परका वाटायचं काहीच कारण नाही. आठेक मिनिटांत जेवढं सांगायचं तेवढं सांगून तो थांबतो.

आणि मग 2009 साली आला ‘टांको बोले छे’. या प्रस्तावनेत या पटापाशी मी जास्त रेंगाळणार आहे, कारण सहनिर्मितीचे सगळे प्रश्न या 12 मिनिटांत ठासून भरलेले आहेत.

त्याची पार्श्वभूमी अशी. 1971 च्या युद्धात सिंधमधल्या थरपारकरचा बराच मुलूख भारतीय सैन्याने घेतला आणि 1972 च्या सिमला करारानंतर तो परत दिला. या उलथापालथीत सोढा राजपूत आणि मेघवाळ समाजाची कुटुंबं सीमा ओलांडून कच्छमध्ये आली. आधी छावण्या, मग हळूहळू वस्त्या. येताना सोबत आणता आलं ते थोडकं सामान आणि बायकांच्या बोटांतलं भरतकाम. हे काम मुळात विकायचं नव्हतंच. मुलीच्या लग्नात द्यायचे कपडे, उशा, तोरणं भरायची, त्यासाठी ते होतं. निर्वासितपणाने ते बाजारात नेलं. आधी घरातलं जुनं विकलं गेलं, मग व्यापाऱ्यांसाठी नगावर मजुरी सुरू झाली. भुजच्या उत्तरेला सुमरासर शेख या गावात 1993 मध्ये ‘कला रक्षा’ ही संस्था उभी राहिली. अमेरिकन वस्त्र-अभ्यासक ज्युडी फ्रेटर आणि मेघवाळ समाजातले प्रकाश भानाणी यांनी ती कारागिरांबरोबर उभारली. 2001 च्या 26 जानेवारीला भूकंपाने कच्छ उद्ध्वस्त केला. 2005 मध्ये संस्थेने कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली.

हा सगळा प्रवास पटात चार कारागिरांच्या आवाजांतून उलगडतो. निवेदक नाही. त्या आपसांत बोलतात, एकमेकांचं बोलणं पुढे नेतात, आणि पडद्यावर जे दिसतं ते त्यांच्याच जोडकामातून आणि भरतकामातून आलेलं असतं. सीमा ओलांडणं कापडावर, छावणी कापडावर, भूकंप कापडावर, पतंग उडवणंही कापडावर. राणीबेन भानाणी यांच्यासारख्या बायका पटाच्या आधीपासूनच आयुष्यातले प्रसंग कापडावर मांडू लागल्या होत्या. म्हणजे दिग्दर्शिका तिथे गेली तेव्हा गोष्ट सांगायची रीत तिथे तयार होती. सबनानींनी तिला हालचाल आणि ध्वनी दिला. भागीदारी दोन्हीकडून होते ती अशी. एकीकडे कलावंत आणि दुसरीकडे कच्चा माल, अशी वाटणी इथे नाही.

आता जरा जवळून बघू. या भागातल्या भरतकामांमध्ये सूफ नावाचं एक काम आहे. ते कापडाच्या उलट बाजूने करतात. कापडावर आधी काही रेखाटलेलं नसतं, छापलेलंही नसतं. बाई कापडाचे उभे-आडवे धागे मोजत सुई चालवते आणि नक्षी पलीकडच्या, सुलट बाजूला उमटत जाते. मूळ आकार त्रिकोणाचा. त्रिकोणाला त्रिकोण लावत मोर होतो, झाड होतं, आरशाभोवतीचं फूल होतं. धागा मोजायला चुकलं की त्याच्यापुढचं सगळं सरकतं आणि उसवण्यावाचून गत्यंतर नसतं. डोळ्यांवर ताण किती येतो ते सांगायला नको, म्हणून सूफ करणाऱ्या बाईला चांगला उजेड लागतो. याच भागातलं पाको काम वेगळं आहे. त्यात आकार आधी रेखून घेतात, त्यामुळे वळणं घेता येतात. खारेकमध्ये पुन्हा मोजणी.

आता विचार करा, अशा कलेतून माणूस हलवायचा आहे. चित्रपटाला सेकंदाला 24 चौकटी लागतात, म्हणजे 12 मिनिटांना 17 हजारांच्या वर. एवढ्या चौकटी कुणीही भरू शकत नाही. तेव्हा मूळ काम एकदाच होतं, ते संगणकात घेतलं जातं आणि मग त्यातला हात, मान, उंटाचे पाय, पतंगाचा दोर असे अवयव सुटे करून हलवले जातात. इथे टाक्याचा नियम आडवा येतो. मोजणीच्या टाक्याला गोल वळण ठाऊक नाही. भरलेला हात कोपरात वाकवला तर टाक्यांची दिशा मोडते आणि ती मोडलेली लगेच दिसते. तो हात वळवायचा तर खांद्यापासून सबंध वळवावा लागतो. डिस्नेच्या पठडीत शरीर रबरासारखं ताणायचं, आकसायचं, असं शिकवतात. कापडाचं माणूस ताणलं की ते कापड राहत नाही. त्यामुळे हालचाल मोजकी, थोडी ताठ, बाहुलीसारखी होते. प्रेक्षकाला ती साधी वाटते, काहींना कच्चीही वाटेल. पण पट टाक्यापुढे नमला आहे तो इथेच. त्याने टाक्याला पळवण्याऐवजी टाक्याची चाल घेतली.

दुसरी गोष्ट भूकंपाची. किल्लारी ज्यांनी पाहिली किंवा जवळून ऐकली, त्यांना भूकंपाची छायाचित्रं कशी असतात ते सांगायला नको. ढिगारे, मदतीच्या रांगा, रडणारे चेहरे. कापडावरच्या भूकंपात यांतलं काही त्या रीतीने येत नाही. तिथे आपण पाहुणे म्हणून उभे नसतो. ज्या बाईचं घर हललं तिनेच तुकडा कापला, तिनेच तो कुठे ठेवायचा ते ठरवलं, तिनेच शिवला. दुःख किती दाखवायचं, याचा निर्णय तिच्याकडे राहिला. वार्ताहराच्या कॅमेऱ्याला हे कधी साधत नाही. इथे ॲनिमेशन हा मुलांच्या करमणुकीचा प्रकार नाही. ज्याच्यावर बेतली त्याच्या हाती आठवणीची सूत्रं देण्याचा तो मार्ग आहे. आणि म्हणूनच भूकंपाच्या शेजारी पतंग आहे, याचं मला फार महत्त्व वाटतं. विस्थापितांवरच्या कितीतरी पटांमध्ये माणसांना सुखाचा क्षण मिळतच नाही, कारण सुख दाखवलं तर विषयाचं गांभीर्य जाईल अशी भीती असते. या बायकांना ती भीती नाही.

2011 चा ‘बात वही है’ राजस्थानच्या कावडाकडे वळतो. आपल्याकडे कावड म्हटलं की शिखर शिंगणापूरची किंवा श्रावणबाळाच्या खांद्यावरची. राजस्थानी कावड म्हणजे लाकडी दारांचं, घडीचं, हातात धरून नेता येईल असं देऊळ. एक दार उघडलं की चित्रं, त्यामागे दुसरं दार, आणखी चित्रं, आणि शेवटी गाभारा. ते घडवतात चित्तोडगढ जिल्ह्यातल्या बस्सी गावचे सुतार. गोष्ट सांगतात मारवाडकडचे कावडिया भाट, मोराच्या पिसाने एकेक चित्र दाखवत. ऐकतात त्यांचे यजमान, आणि यजमानांच्या वाडवडिलांची चित्रंही त्या कावडात असतात. खाली दान टाकायला खणसुद्धा असतो. सबनानींनी या परंपरेवर पीएच.डी.चं संशोधन केलं आणि पुढे पुस्तकही लिहिलं, त्यामुळे पटामागे अभ्यासाचा भक्कम पाया आहे.

कावडाचं उदाहरण मला आणखी एका कारणाने मोलाचं वाटतं. सहनिर्मिती ही शहरातल्या डिझाइनरांनी खेड्यात नेलेली नवी कल्पना आहे, असा समज आपल्याकडे रुजला आहे. बस्सीचा सुतार, मारवाडचा भाट आणि त्याचा यजमान हे तिघं पिढ्यान् पिढ्या एकच वस्तू मिळून पुरी करत आले आहेत. सुताराने रंगवलेल्या चित्राला भाटाच्या तोंडून आवाज मिळतो, यजमानाने ऐकलं नाही तर दोघांचंही काम अपुरं राहतं. लघुपट काढणारा तिथे जातो तो या साखळीतली चौथी कडी म्हणून. हे ध्यानात ठेवलं तर त्याच्या वागण्यात आपोआप नम्रता येते.

2016 च्या ‘हम चित्र बनाते हैं’ या पटाला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भिल्ल लोक चित्रं का काढतात, याची त्यांच्यातच सांगितली जाणारी गोष्ट त्यात आहे. पाऊस पडत नाही, लोक हवालदिल होतात, बडव्याकडे म्हणजे आपल्या भगताकडे जातात आणि बडवा त्यांना घराच्या भिंती रंगवायला सांगतो. पट भोपाळचे भिल्ल चित्रकार शेर सिंह यांच्यासोबत केलेला आहे. भिल्ल चित्रांतले ठिपके प्रसिद्धच आहेत, आणि प्रत्येक चित्रकाराची ठिपक्यांची रचना त्याची स्वतःची असते. ॲनिमेशनमध्ये हे ठिपके मोठी परीक्षा घेतात. प्रत्येक चौकटीत ते नव्याने काढले तर पडद्यावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखे वळवळतात. एकदाच काढून आकाराबरोबर सरकवले तर प्राणी चिकटचित्रासारखा सपाट सरकतो. पट बघताना नजर गोष्टीवर असणारच, पण एकदा नुसत्या ठिपक्यांवर लक्ष ठेवून तो पुन्हा पाहावा.

या ओळीत महाराष्ट्र कुठे आहे? दोन ठिकाणं ठळक दिसतात. पहिलं कुडाळजवळचं पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा म्हणजे कागदावरच्या चित्रांची पोथी, एकेक चित्र पुढे धरायचं आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर रामायण-महाभारतातलं आख्यान गायचं. दिग्दर्शक मणी कौल यांनी 1977 मध्ये याच परंपरेवर ‘चित्रकथी’ हा लघुपट केला. 2021 मध्ये तिथले चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पिंगुळीचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं. मणी कौल यांना कथा सांगण्याच्या रीतींविषयी विलक्षण ओढ होती. पिंगुळीच्या पोथीत चित्र जागचं हलत नाही, हलतो तो गाणाऱ्याचा आवाज. चित्रपटाने शिकावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती शिकायला पिंगुळीच्या गायकाला नुसतं चित्रित करून भागणार नाही. कोणतं चित्र किती वेळ पडद्यावर राहावं, हे त्याला संकलकाच्या शेजारी बसून ठरवू द्यावं लागेल.

दुसरं ठिकाण डहाणू-तलासरीकडचा वारली मुलूख. भास्कर कुलकर्णी हा मराठी चित्रकार 1960 च्या दशकात बिहारच्या दुष्काळात हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेला आणि तिथल्या बायकांच्या हाती त्याने कागद दिला. 1970 च्या दशकात तोच वारली पाड्यांवर आला. लग्नाचा चौक लिहिणं हे तोवर सवाशिणींचं काम, लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्याबरोबर होणारं. जिव्या सोमा म्हसे हे पुरुष असून रोज चित्रं काढत, लग्न असो नसो. त्यांच्या हाती कागद आला आणि पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. 2003 मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामांशेजारी म्हसे यांची कामं मांडली गेली. रानातून चालत जाऊन दगडांची वर्तुळं मांडणारा एक, आणि तारपा नाचाचं वर्तुळ रंगवणारा दुसरा. 2011 मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले.

पण वारलीचं पुढे काय झालं तेही पाहा. त्या त्रिकोणी माणसांनी सरकारी कार्यालयांच्या भिंती, साड्या, कपबश्या, जाहिराती सगळं व्यापलं. ॲनिमेशनला तर ती फारच सोयीची, दोन त्रिकोण आणि चार काड्या, हलवायला सोपी. पाड्यावरच्या एकाही माणसाला न विचारता ती हलवता येतात आणि हलवली जातात. जून 2025 मध्ये मिलानमध्ये एका कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्या चपला कोल्हापूरचं नावही न घेता मिरवल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्र संतापला. संताप रास्त होता, त्या कंपनीला नंतर मूळ मान्य करावं लागलं. वारलीच्या बाबतीत मात्र आपण स्वतः रोज तेच करतो आणि कुणाला संताप येत नाही.

या भागीदारीची काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी भोपाळच्या भारत भवनसाठी 1980 च्या सुमारास आदिवासी कलावंतांचा शोध घेतला. पाटणगढचा तरुण गोंड जनगढ सिंह श्याम त्यांना भेटला, भारत भवनच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या भुरीबाईंना त्यांनी चित्रं काढायला सांगितलं. भुरीबाईंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. जनगढ यांचं नाव देशाबाहेर पोचलं, त्यांच्यामागून गोंड चित्रकारांची एक पिढीच उभी राहिली. आणि 2001 साली जपानमधल्या एका संग्रहालयात राहून काम करत असताना जनगढ यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. घरापासून हजारो मैल दूर, भाषा परकी. एकाच चळवळीने एका माणसाला असं टोक दाखवलं आणि दुसरीला मजुरीतून बाहेर काढलं. कलावंताला त्याच्या गावातून उचलून आपल्या जगात आणायचं, की आपण त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, हा प्रश्न म्हणूनच सोयीचा नाही, जिवाचा आहे. सुमरासरच्या बायकांनी आपल्या गावात, आपल्या घरकामाच्या वेळा सांभाळून काम करायचं, ही रीत दिग्दर्शकाला त्रासाची असते. वेळापत्रक कोलमडतं, शेतीच्या दिवसांत काम थांबतं, लग्नसराईत तर विचारूच नका. तो त्रास पत्करला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजच्या मोबाइलच्या जमान्यात हे सांगणं जास्तच गरजेचं झालंय. येवल्याच्या मागावर पैठणीचा पदर महिनोन् महिने विणला जातो आणि रीलमध्ये तो अर्ध्या मिनिटात होतो. हात भराभर पळतात, खाली संगीत, शेवटी झळाळता मोर. पाहणाऱ्याला आनंद होतो, आणि साडीची किंमत ऐकली की त्यालाच ती महाग वाटते, कारण त्याच्या डोळ्यांनी ती अर्ध्या मिनिटात झालेली पाहिली आहे. वेळ कापणं हा चित्रपटाचा धर्मच आहे, 12 मिनिटांच्या पटालाही तो चुकत नाही. मात्र कापलेला वेळ कुठेतरी जाणवत राहिला पाहिजे. ‘टांको बोले छे’मध्ये तो जाणवतो, कारण प्रत्येक चौकटीत टाके मोजता येण्याइतके स्पष्ट आहेत आणि ते कुणीतरी बसून घातले आहेत हे नजरेआड होत नाही.

शेवटी पैशांची आणि हक्कांची बाब. लघुपटाचं अंदाजपत्रक मागवून पाहा. छायालेखक, संगीतकार, संकलक यांच्यापुढे मानधनाचा आकडा असतो. भरतकाम करणारी बाई पुष्कळदा साहित्याच्या रकमेत, कापड आणि दोऱ्याच्या ओळीत सापडते. कायद्यातही तिची जागा अशीच अवघड आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे चित्रपटासाठी गीत किंवा संगीत करणाऱ्याला, हक्क निर्मात्याला दिल्यानंतरही, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी रॉयल्टी मिळण्याचा अधिकार राहतो. हा अधिकार साहित्यकृती आणि संगीतकृती यांच्यापुरता आहे. चित्र, शिल्प, भरतकाम यांसारखी कलाकृती त्या तरतुदीत नाही. चालू पटातलं गाणं लिहिणाऱ्याचा हक्क कायद्याने राखला, ज्या टाक्यांतून पटाची प्रत्येक चौकट बनली ते टाके घालणारीचा नाही.

त्यामुळे तिला जे मिळायचं ते करारातूनच मिळणार. मूळ कापड पट पूर्ण झाल्यावर कुणाकडे राहील? संगणकात घेतलेली तिची चित्रं दुसऱ्या पटात, पुस्तकात, दिनदर्शिकेवर वापरायची झाली तर तिला विचारलं जाईल का, पैसे मिळतील का? तिच्या चित्रांवरून संगणकाला नवी चित्रं काढायला शिकवायचं झालं तर? या प्रश्नांची उत्तरं काम सुरू होण्याआधी कागदावर आली पाहिजेत, आणि तो कागद तिला वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे कच्छमध्ये गुजरातीत, डहाणूत मराठीत, लिहिलेला असला पाहिजे. वाचता येत नसेल तर तिच्या विश्वासातल्या माणसाने तो वाचून दाखवलेला असावा, आणि त्यात एखादं कलम तिच्या सांगण्यावरून बदलायलाही जागा असावी.

पुढच्या लेखांमध्ये पटांच्या रूपाची, रंगांची, आवाजाची चर्चा आहे, ती आनंदाने वाचावी. शक्य असेल तर लेखाआधी पट पाहावा, आणि श्रेयनामावली सुरू झाली की उठू नये. कारागिराचं नाव कोणत्या कामापुढे लिहिलं आहे ते पाहावं. ‘कथा’ या शब्दापुढे, ‘चित्रं’ या शब्दापुढे, की ‘आभार’ या शब्दाखाली.